दावा क्रमांक ४०५

राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्यात गेलेल्या माणसाला दोन गोष्टी हमखास दाखवतात: कलालबांगडी तोफ आणि गोड्या पाण्याची तळी. गर्दी तोफेपाशी होते. मी नेहमी तळ्यापाशी रेंगाळतो. चहूबाजूंना खारा समुद्र आणि मधोमध पिण्याजोगं पाणी! किल्ला अजिंक्य राहिला याचं श्रेय आपण तटाला आणि तोफांना देतो, पण हे पाणी नसतं तर तटाच्या आतली माणसं किती दिवस टिकली असती?

आमच्या या किनाऱ्यावर पाऊस धो धो पडतो आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. त्यामुळे पाणी कोणी, कुठून आणि कुणाच्या नंतर भरायचं याचे नियम इथे फार कडक होते. ते कुठे लिहिलेले नव्हते. लिहायची गरजच नव्हती, सगळ्यांना ते पाठ होते आणि मोडणाऱ्याच्या पाठीवर त्यांचे वळ उठत. याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, असा एक न लिहिलेला नियम एकदा कोर्टात लिहून द्यायची वेळ आली. तो लिहिला गेला, त्यावर साक्षीपुरावा झाला, आणि नियम उघडा पडला. ते कागद हा या प्रकरणाचा विषय आहे.

महाडचं चवदार तळं आणि २० मार्च १९२७ ही तारीख शाळकरी मुलांनाही माहीत असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळीने पाणी घेतलं आणि त्यांच्यामागून आलेल्या हजारो माणसांनी घेतलं. पुढची दहा वर्षं त्या ओंजळीचा हिशेब कोर्टात चालला होता, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. महाडच्या दिवाणी कोर्टातला दावा क्रमांक ४०५, सन १९२७. त्याचा शेवटचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिला तो १७ मार्च १९३७ रोजी. ओंजळीपासून निकालापर्यंत दहा वर्षांना तीन दिवस कमी.

दाव्याच्या मागची हकीकत थोडक्यात अशी. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला: सरकारी पैशातून बांधलेले किंवा सरकारने नेमलेल्या संस्था चालवतात ते पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत. महाड म्युनिसिपालटीने ५ जानेवारी १९२४ रोजी आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. तीन वर्षं तळ्यावर कुणी फिरकलं नाही, कारण फिरकण्याची किंमत सर्वांना ठाऊक होती. मग १९ आणि २० मार्च १९२७ ला रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस आणि इतरांच्या खटपटीतून परिषद भरली. परिषदेचे लोक तळ्यावर गेले, पाणी प्यायले, परतले. ते वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत अशी आवई उठली आणि मांडवात जेवायला बसलेल्यांवर, वाटेने घरी निघालेल्यांवर लाठ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी १०८ घागरी पाणी काढून, पंचगव्य ओतून तळं शुद्ध करण्यात आलं. मारहाणीबद्दल फौजदारी खटला झाला आणि जूनमध्ये पाच जणांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाच्या नेमक्या चौथ्या वाढदिवशी, म्युनिसिपालटीने आपला १९२४चा ठराव मागे घेतला.

आंबेडकरांनी जाहीर केलं, २५ डिसेंबरला पुन्हा महाड, या वेळी सत्याग्रह. इथे लाठीची जागा कागदाने घेतली. १२ डिसेंबरला महाडच्या काही सवर्ण गृहस्थांनी दिवाणी दावा ठोकला. पहिले प्रतिवादी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. दावा प्रातिनिधिक होता: वादी समस्त स्पृश्यांच्या वतीने, प्रतिवादी समस्त अस्पृश्यांच्या वतीने. मागणी अशी, की चवदार तळं स्पृश्यांच्या मालकीचं आहे, त्यावर त्यांचाच हक्क आहे, अस्पृश्यांनी तिथे जाऊ नये आणि पाणी घेऊ नये. सोबत तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज. दोन दिवसांत, १४ डिसेंबरला, मनाई हुकूम निघाला.

हा डाव किती बेतून टाकला होता ते पाहा. सत्याग्रहाचा पुढारी स्वतः बॅरिस्टर आहे, जुलै १९२३ पासून मुंबई हायकोर्टात वकिली करतो आहे. त्याला कोर्टाचा हुकूम मोडायला लावला की तो कायद्याचा गुन्हेगार ठरतो, आणि हुकूम पाळला की त्याच्या हाकेला ओ देऊन आलेली माणसं हात हलवत परत जातात.

ती माणसं कशी आली, तेही या किनाऱ्याशी बांधलेलं आहे. २४ डिसेंबरला आंबेडकर आणि दोनशेच्या आसपास प्रतिनिधी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले. धरमतरला उतरून मोटारीने जायचं तर मोटारवाले बहिष्कार टाकतील ही धास्ती होती. म्हणून सावित्रीच्या खाडीतून दासगाव गाठायचं आणि तिथून पाच मैल पायी, असा बेत ठरला. मुंबईहून सावित्रीच्या, म्हणजेच बाणकोटच्या, खाडीकडे जाणाऱ्या बोटीला जंजिऱ्यासमोरूनच जावं लागतं. बोट समोरून गेली तो किनारा इंग्रजी मुलखाचा नव्हता. मुरुड ही जंजिरा संस्थानची राजधानी होती, राज्य सिद्दी नवाबाचं, कोर्टंही संस्थानची. मुंबईच्या कायदेमंडळाचा ठराव इथे लागू होत नव्हता आणि महाडच्या कोर्टाचा मनाई हुकूमही. पाण्याचे नियम मात्र दोन्ही मुलखांत एकच होते. त्यांना सरहद्द नव्हती.

महाडला परिषदेत तीन दिवस ऊहापोह झाला. मनुस्मृती जाळली गेली ती २५ तारखेला. त्याच परिषदेत हिंदुमात्राच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मांडला गेला आणि आंबेडकरांनी १७८९च्या फ्रान्समधल्या राष्ट्रसभेची आठवण करून दिली. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा निघायला तेव्हा एकवीस वर्षं अवकाश होता. सत्याग्रहाला तयार असलेल्यांची यादी झाली, तीत ३,८८४ नावं भरली. तुरुंगात जायला तयार असलेली एवढी माणसं समोर बसलेली असताना पुढाऱ्याने ‘थांबा’ म्हणणं किती कठीण असेल! कलेक्टर येऊन बोलून गेले. आपलं भांडण सरकारशी नाही, तळं आपलं म्हणणाऱ्यांशी आहे, आणि त्यांनी आपल्याला कोर्टात बोलावलं आहे, असा विचार शेवटी ठरला. सत्याग्रह तहकूब झाला. लोक मिरवणुकीने तळ्याला वळसा घालून आले, पाण्याला कुणी हात लावला नाही.

माझ्या मते आंबेडकरांमधल्या वकिलाची खरी ओळख या तहकुबीत होते. आधीच्याच वर्षी ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरच्या खटल्यात बागडे, जेधे, जवळकर यांची बाजू त्यांनी लढवून जिंकली होती. पुढे १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकासाठी रघुनाथ धोंडो कर्व्यांच्या बाजूने ते उभे राहिले आणि तो खटला हरले. महाडला मात्र वकील आणि पक्षकार एकच होता. समोरच्याने टाकलेला पेच त्यांनी उलटा धरला: तळं तुमचं आहे म्हणता ना? मग सिद्ध करा.

आमच्या मुरुडच्या घरात माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात आजोबांच्या वेळच्या एका सुपारीच्या वाडीच्या तंट्याच्या नकला आहेत. कागदाच्या डाव्या कोपऱ्यात भोक पाडून त्यातून सुती नाडा ओवलेला, वर संस्थानचा स्टॅम्प, शाई जांभळी, जागोजागी पावसाळ्याच्या दमटपणाने फुटलेली. कडा कसरीने अशा खाल्ल्या आहेत की जाळीची किनार लावल्यासारखी दिसते. उलगडायला गेलं की कागद घडीवर तुटतो. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही, कारण मी तो गोष्टीसारखा वाचत होतो. कोर्टाचे कागद तसे वाचायचे नसतात. आधी दावाअर्ज: वादी काय मागतो. मग प्रतिवादीची कैफियत: तो काय नाकारतो, आणि त्याहून महत्त्वाचं, काय कबूल करतो. मग कोर्टाने काढलेले मुद्दे. मग जबान्या, उलटतपास, निशाणी घातलेले दस्तऐवज. रोजनाम्यात कोणत्या तारखेला कोण हजर होतं आणि तारीख का पडली ते. शेवटी निकाल आणि हुकूमनामा. तंटा शेवटी एका मुद्द्याच्या टोकावर उभा असतो. ते टोक सापडलं की बाकीचा गठ्ठा आपोआप वाचता येतो.

दावा ४०५चं टोक ‘रूढी’ या शब्दावर होतं.

मालकी सिद्ध करणं वादींना जड जाणार होतं. तळ्याची देखरेख म्युनिसिपालटीची, भोवतालचे रस्ते म्युनिसिपालटीचे. शिवाय म्युनिसिपालटीने तळं खुलं केल्याचा ठराव केला आणि मग मागेही घेतला. जी वस्तू आपली नाही ती उघडायचा आणि मिटायचा ठराव कोण करील? म्हणून सगळा भार पडला तो वहिवाटीवर: अनादि काळापासून इथे फक्त आम्हीच पाणी भरतो, अस्पृश्यांनी कधी भरलं नाही, ही रूढी आहे आणि रूढीला कायद्याचं बळ असतं.

यातलं शेवटचं वाक्य खोटं नव्हतं. इंग्रजी अमलातली दिवाणी कोर्टं रूढी मानत. पण ती मानण्याच्या अटी होत्या. रूढी पुरातन हवी, अखंड चालत आलेली हवी, निश्चित हवी, वाजवी हवी, आणि सार्वजनिक हिताच्या विरुद्ध नको. इंग्लंडात तर ‘स्मरणातीत’ या शब्दाचा कायदेशीर अर्थ ११८९ सालापासून असा धरत. हिंदुस्थानातली कोर्टं इतकी ताणून धरत नसत, तरी केवळ ‘आमच्या आठवणीत असंच आहे’ म्हणून भागत नसे. आणि १८७२च्या पुराव्याच्या कायद्याने सिद्ध करण्याची जबाबदारी टाकली होती ती सांगणाऱ्यावर. गावात अस्पृश्याला ‘तू इथे का आलास’ असं विचारलं जाई आणि उत्तर त्याला द्यावं लागे. कोर्टात पारडं फिरलं. आता उत्तर द्यायचं होतं ते अडवणाऱ्याने.

मनाई हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ ला उठला. मूळ दाव्याचा निकाल लागायला ८ जून १९३१ उजाडला. खालच्या कोर्टाने म्हटलं ते थोडक्यात असं: फक्त स्पृश्यच पाणी भरत आले ही जुनी चाल सिद्ध झाली आहे. पण सार्वजनिक तळं एका वर्गाने वापरलं आणि दुसऱ्याने वापरलं नाही, एवढ्याने वापरणाऱ्याला त्यावर कायदेशीर हक्क मिळत नाही. म्हणजे सवय मान्य, हक्क अमान्य. वादी ठाण्याला अपिलात गेले. ३० जानेवारी १९३३ ला तेही फेटाळलं गेलं, आणि या वेळी पाया आणखी खाली खणला गेला. पुरावा हयात माणसांच्या आठवणीपलीकडे जातच नाही, तेव्हा रूढीचं पुरातनपणच सिद्ध झालेलं नाही, असं अपिली न्यायाधीशांचं मत पडलं.

मग उच्च न्यायालय. न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि न्यायमूर्ती वाडिया. हे ब्रूमफिल्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश. निकाल ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’च्या ३९व्या खंडात छापलेला आहे: नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर. त्यात तळ्याचं जे वर्णन आहे ते मला फार मोलाचं वाटतं. चार-पाच एकरांचं तळं, पावसाच्या पाण्याने आणि काही झऱ्यांनी भरणारं. भोवती म्युनिसिपालटीचे रस्ते, रस्त्यांपलीकडे सवर्णांची घरं, थोडी मुसलमानांची. काही घरमालकांच्या मालकीच्या काठावरच्या जमिनीच्या पट्ट्या, घाट, बांधीव कठडे. अस्पृश्यांचं घर आसपास नाही. तळं निदान अडीचशे वर्षांचं, हे कुणी नाकारत नव्हतं. ते कुणी खोदलं याचा पुरावा नाही.

न्यायमूर्तींनी या वर्णनातून एक साधा, पण कुणाला न सुचलेला प्रश्न काढला. ही घरं तळ्याइतकी जुनी आहेत का? तळ्याभोवती सवर्णांची वस्ती उभी राहण्याआधी, हे पाणी आपल्यापुरतं राखावं असं कुणाला कशाला वाटलं असेल? मनाई घरांच्या मागून आली असणार, तळ्याबरोबर जन्मलेली नसणार. पुरातन रूढी सिद्ध झाली नाही, या मताशी उच्च न्यायालय सहमत झालं आणि अपील फेटाळलं गेलं.

मला या ठिकाणी थांबावंसं वाटतं. अस्पृश्यतेच्या बाजूने बोलणाऱ्यांचं सगळं बळ ‘पूर्वापार’ या एका शब्दात असे. तो शब्द ऐकला की समोरचा माणूस गप्प होई, कारण पूर्वापाराला कुणी विचारायला जाऊ शकत नाही. दावा ४०५मध्ये ‘पूर्वापार’ला शपथेवर उभं करून विचारण्यात आलं: कधीपासून? आणि त्याला साल सांगता आलं नाही.

तरी हा विजय अरुंद होता, हेही त्याच निकालात लिहिलेलं आहे. रूढी सिद्ध झाली असती तर ती अवाजवी किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध आहे काय, याचा विचार करावा लागला असता, पण आता त्याची गरज उरली नाही, असं सांगून न्यायालयाने तो प्रश्न बाजूला ठेवला. माणसाला माणूस म्हणून पाण्याचा हक्क आहे, असं त्या निकालात कुठेही म्हटलेलं नाही. समजा दुसऱ्या एखाद्या गावात कुणी पक्का, जुना, लेखी पुरावा आणला असता, तर? आंबेडकरांसारख्या वकिलाला ही फट दिसली नसेल हे शक्य नाही. निकालानंतर बरोबर सहा महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. कोकणातल्या आणखी एका ‘पूर्वापार’ व्यवस्थेला हात घालताना या वेळी त्यांनी कोर्टाची वाट धरली नाही, कायदा करण्याची धरली.

आता त्या कागदांचं पुढे काय झालं. वकिलाचे कागद आणि कोर्टाचे कागद हे दोन वेगळे संसार असतात. कोर्टाचं दप्तर रेकॉर्ड रूममध्ये बांधून ठेवतात. त्यातलं काय कायम राखायचं आणि काय ठरावीक वर्षांनी नष्ट करायचं याचे नियम असतात, आणि जे राखलेलं आहे त्याची प्रमाणित नक्कल अर्ज करून मिळते. वकिलाचं ब्रीफ मात्र पक्षकाराच्या विश्वासाचा ठेवा. त्यात टिपणं असतात, साक्षीदाराला विचारायच्या प्रश्नांच्या याद्या असतात, समासात केलेल्या खुणा असतात. वकील गेला की हे सगळं बहुधा रद्दीत जातं. मुरुडसारख्या खाऱ्या हवेच्या गावात तर रद्दीवाल्याच्याही आधी वाळवी पोचते.

आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ रोजी गेले. त्यांचे दिल्लीतले कागद वर्षानुवर्षं न्यायालयाच्या ताब्यात, पेट्यांमध्ये पडून राहिले. १९६७च्या जानेवारीत अलीपूर रोडवरचं त्यांचं राहतं घर रिकामं करून घेतलं गेलं, तेव्हा काही कागद अंगणात उघड्यावर पडले आणि पावसात भिजून गेले. काय गेलं याची यादी कुणापाशी नाही. जे वाचलं त्याला महाराष्ट्र शासनाच्या चरित्र साधने समितीमुळे वाट मिळाली. समिती १९७६ची, पहिला खंड १४ एप्रिल १९७९चा, संपादक वसंत मून. त्याही आधी चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी एकट्याने, नोकरी सांभाळून, पत्रं आणि कागद गोळा करत आंबेडकरांचं चरित्र खंडांमागून खंड लिहिलं. माणूस हयात असल्यापासून त्याचे कागद जपायला लागलेला असा संग्राहक मराठीत दुर्मीळ. समितीच्या सतराव्या खंडाचा पहिला भाग २००३ साली निघाला, त्याच्या उपशीर्षकातच मानवी हक्कांचा लढा आहे. महाडच्या प्रकरणाचे कागद त्यात छापले आहेत. त्या जाडजूड पुस्तकात, चांगल्या कागदावर, कसर न लागलेला हा दावा आज कुणालाही वाचता येतो.

तो वाचून झाला की भारताची राज्यघटना शेजारी ठेवून पाहावी. अनुच्छेद १५मध्ये धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही अडवता येणार नाही अशा जागांची नावं घेतली आहेत. दुकानं, उपाहारगृहं यांच्यासोबत तिथे विहिरी आहेत, तलाव आहेत, स्नानाचे घाट आहेत, रस्ते आहेत. समतेच्या घोषणेत तलावाचं नाव घेण्याचं एरवी काय कारण? हे शब्द महाडच्या निकालातल्या तळ्याच्या वर्णनाशी ताडून पाहिले तर घाट आणि रस्तेसुद्धा जुळतात. अनुच्छेद १७ने अस्पृश्यताच संपवली आणि तिच्या अंमलबजावणीसाठी १९५५चा कायदा आला, जो १९७६पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो.

पण माझं बोट थांबतं ते अनुच्छेद १३वर. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले कायदे त्या विसंगतीपुरते रद्द, असं तो सांगतो, आणि मग ‘कायदा’ म्हणजे काय काय याची व्याख्या देतो. अध्यादेश, आदेश, उपविधी, नियम. त्या यादीच्या शेवटी दोन शब्द आहेत: रूढी आणि परिपाठ. १९३७ साली उच्च न्यायालयाने गरज नाही म्हणून बाजूला ठेवलेला प्रश्न तिथे, त्या दोन शब्दांत, सुटलेला आहे. आता पुरातनपणाचा पुरावा आणला तरी उपयोग नाही.

जंजिरा संस्थान १९४८ साली विलीन होऊन मुरुड कुलाबा जिल्ह्यात आलं होतं. २६ जानेवारी १९५० रोजी ते दोन शब्द महाडला आणि मुरुडला एकाच दिवशी लागू झाले.